कापलेला समास

"मला न्याय नकोय," दातांची डॉक्टर म्हणाली. "पोलिसांनी दोन दिवसांत फाइल बंद केली, झाला न्याय. मला माणूस हवाय. ज्यानं माझ्या बापाला मारलं, तो मला समोर बसलेला बघायचाय."

दवाखान्यातून ती तशीच आली होती. गळ्यात मास्क लटकत होता. डोळे कोरडे होते, आणि अशा कोरड्या डोळ्यांची टाचणीला जास्त काळजी वाटे.

खाजगी तपासाच्या धंद्यात येऊन टाचणीला अकरा वर्षं झाली होती. अंगानं बारीक, बोलणं टोचरं, आणि कागदाला कागद जोडल्याशिवाय चैन पडायची नाही, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव फक्त दारावरच्या पाटीवर होतं, आणि पाटी कुणी वाचत नसे. शेजारच्या खुर्चीत तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान बसले होते. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. देह अवाढव्य, विचार सावकाश. टाचणी त्यांना भाऊजी म्हणायची, ते तिला मेव्हणीबाई. खिशात अजूनही स्टीलची मोजपट्टी असायची.

"पहिल्यापासून सांगा," टाचणी म्हणाली.

डॉक्टरचे वडील साहित्याचे प्राध्यापक होते. सगळं शहर त्यांना नुसतं 'सर' म्हणायचं. शंभर वर्षांपूर्वीची एक कादंबरी त्यांनी आयुष्यभर शिकवली, आणि तिच्यातल्या न्यायाधीशाच्या व्यक्तिरेखेवर लिहिलेलं त्यांचं पुस्तक छपाईला जाणार होतं. फक्त प्रस्तावना यायची होती.

"वर्गात त्यांचा एकच नियम," ती म्हणाली. "पात्राबद्दल काहीही म्हणा, पण पान दाखवा. तो क्रूर आहे? पान दाखवा. ती खोटं बोलते? पान दाखवा. घरीसुद्धा तेच. मी भाजी खारट झाली म्हटलं तरी विचारायचे, कुठल्या पानावर? त्या कादंबरीचा इतका जप चालायचा, की मी हट्टानं ती कधी वाचली नाही."

गेल्या मंगळवारी दुपारी दोनला ती जेवायला घरी आली, तेव्हा सर खुर्चीत गेलेले होते. झोपेच्या गोळ्यांची अख्खी बाटली पोटात गेली होती. रिकामी बाटली आणि एक चिठ्ठी टेबलाच्या बंद खणात सापडली.

"बाटली खणातच असायची?"

"नाही, स्वयंपाकघरातल्या फळीवर."

तिनं चिठ्ठी पुढे केली. पिवळसर कागद, बॉलपेनचं ठसठशीत अक्षर.

*मी न्यायाच्या खुर्चीत बसलो, पण न्याय केला नाही. ती निर्दोष होती, हे मला तिच्या डोळ्यांवरून कळायला हवं होतं. विहिरीकाठची फरशी अजून ओली आहे. ज्यानं चुकीची शिक्षा सुनावली, त्यानं स्वतःला कोणती सुनवावी? मी माझी निवडली आहे.*

"अक्षर?"

"बाबांचंच. त्यात शंकाच नाही. म्हणून तर पोलीस निश्चिंत झाले."

"आणि 'ती' म्हणजे?"

"एकोणीस वर्षांपूर्वीची एक विद्यार्थिनी. प्राचार्यांना निनावी पत्र आलं होतं, खूप घाणेरडं. त्यातल्या एका वाक्यावरून बाबांनी सिद्ध केलं, की ते तिनं लिहिलंय. चौकशी समितीचे अध्यक्ष तेच होते. तिला काढून टाकलं. महिन्याभरात तिनं रेल्वेच्या पुलावरून उडी मारली."

"तुमच्या घराजवळ विहीर आहे?"

"नाही. पोलीस म्हणाले, म्हातारपणी माणूस घोळ करतो. माझ्या बापाला चाळीस वर्षांत एक पान चुकीचं आठवलं नाही हो!"

भाऊजींनी चिठ्ठी हातात घेतली, सवयीनं मोजपट्टी काढली. "कागदाचा मूळ आकार काय?"

डॉक्टरनं पिशवीतून सरांचं लिहायचं पॅड काढलं. भाऊजींनी दोन्ही मोजले. "चिठ्ठी डावीकडून तीन सेंटिमीटर कमी आहे. माप कमी भरतंय, मेव्हणीबाई."

"हे पॅड मला ठेवून घेऊ दे," टाचणी म्हणाली. "यात कार्बन दिसतोय."

"बाबांची सवय. कुणालाही कागद द्यायचा तर खाली कार्बन. वरचं पान फाडून द्यायचं, खालचं पॅडमध्येच. जुनी पॅडं माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. दर वर्षी पहिल्या येणाऱ्याला ते स्वतःच्या हातानं एक नमुना उत्तर लिहून बक्षीस द्यायचे, त्याचीसुद्धा प्रत ठेवायचे."

"ट्रंकही पाठवा. घरात आणखी काही वेगळं दिसलं?"

"दोन कप धुऊन उपडे ठेवलेले होते. बाबांनी जन्मात कप धुतला नाही." तिनं गळ्यातला मास्क काढून पिशवीत टाकला. "आजारपणानंतर त्यांना चवसुद्धा कळायची नाही. मी काय दिलं, काय नाही, सगळं गोड मानून प्यायचे. आठवड्यापूर्वी एकदम म्हणाले, 'मी एक पान चुकीचं वाचलं होतं गं. एकोणीस वर्षांनी सापडलं.' मला वाटलं, त्या कादंबरीचंच काहीतरी असेल."

त्या सकाळी सरांकडे तिघं येऊन गेली होती. साडेनऊला त्यांचा जुना विद्यार्थी, आता एका शाळेचा मुख्याध्यापक. अकराला पुस्तकाचा संपादक. साडेबाराला पुस्तकांची बांधणी करणारी बाई.

"ती बाई," डॉक्टर म्हणाली, "त्या मुलीची आई आहे."

---

संपादकाच्या टेबलावर इतके कागद होते, की त्याच्याशी बोलायला भाऊजींना उभं राहावं लागलं.

"मी प्रस्तावना आणायला गेलो होतो," तो म्हणाला. "तीन आठवडे घोळवत होते. फोनवर म्हणाले होते, की प्रस्तावनेत एक माफी आहे, ती नीट लिहायला वेळ लागतोय. पण त्या दिवशीही दिली नाही. म्हणाले, एकाला वाचायला दिलीय, त्याचं म्हणणं आलं की देतो."

"कोणाला?"

"नाव नाही सांगितलं. त्यांचं बोलणंच जड येत होतं. सारखी जांभई. मी दहा मिनिटांत उठलो."

"चहा वगैरे झाला?"

"मी करू का विचारलं, तर म्हणाले, आत्ताच झालाय." संपादकानं चष्मा पुसला. "एक गोष्ट मात्र मनाला लागली. मी न्यायाधीशाच्या एका वाक्याचं पान विचारलं. सर म्हणाले, 'आहे कुठंतरी मधेच.' कुठंतरी मधेच! सरांच्या तोंडून! मला वाटलं, वय झालं आता."

जिना उतरताना भाऊजी म्हणाले, "हा माणूस बरा वाटतो. माफी छापायची म्हटल्यावर त्याचं काय बिघडणार होतं?"

"काहीच नाही. उलट पुस्तक जास्त खपलं असतं," टाचणी म्हणाली.

---

मुख्याध्यापकांची खोली स्वच्छ होती. भिंतीवर चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र, 'साहित्य, प्रथम क्रमांक'. टाचणीनं खालचं वर्ष वाचलं आणि मनातल्या मनात वजाबाकी केली. एकोणीस.

"सर मला वडिलांसारखे," मुख्याध्यापक म्हणाले. त्यांचा आवाज मृदू होता, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत बरोब्बर पोहोचेल इतका. "शेवटी फार खचले होते हो. सारखं त्या मुलीचंच बोलणं. मी समजूत घालायचो. त्या दिवशीसुद्धा अर्धा तास बसलो. मनात असं काही चाललंय, याचा पत्ता लागू दिला नाही त्यांनी."

"चहा घेतलात बरोबर?"

"छे. मला पित्ताचा त्रास. बाहेर चहाला हात लावत नाही."

"सर तेव्हा कसे होते? झोपाळलेले?"

"नाही, नाही. चांगले टवटवीत."

"ती मुलगी तुमच्याच वर्गातली ना?"

"हो. हुशार होती, अगदी कबूल करतो. तीच पहिली यायची. पण डोक्यात राख घालून घ्यायची. प्राचार्यांशी तिचं पटायचं नाही."

शिपायानं सह्यांचा गठ्ठा आणून समोर ठेवला. मुख्याध्यापक कसनुसं हसले. "बघा, ही आमची खुर्ची! आमच्या त्या कादंबरीत वाक्य आहे. 'पाठ आहे, हात आहेत, पाय आहेत. खुर्चीत फक्त मान नाही.' अगदी खरंय. सह्या करता करता मान वर करायला फुरसत नाही."

भाऊजी मनापासून हसले. टाचणीनं वहीत काहीतरी लिहिलं.

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "सज्जन माणूस. पित्ताचं दुखणं मलाही आहे."

"पण तुम्ही चहा सोडला नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. चला, बाइंडरबाईंकडे."

---

बांधणीचं दुकान तळघरात होतं. खळीचा आंबट वास, भिंतीला टेकलेले पुठ्ठे, मधे लोखंडी दाबयंत्र. बाई साठीच्या होत्या. हातातली सुरी त्यांनी खाली ठेवली नाही.

"तुम्ही विचारायच्या आधी सांगते," त्या म्हणाल्या. "तो मेला, मला आनंद झाला. पुरता नाही झाला, कारण मी मारलं नाही."

भाऊजी एक पाऊल मागे सरकले.

"एकोणीस वर्षं दर वर्षी, माझ्या पोरीच्या तारखेला, मी त्याला एक कार्ड टाकलं. त्यावर दोनच शब्द. 'पान दाखवा.' त्यानं कधी उत्तर दिलं नाही. गेल्या सोमवारी फोन आला. म्हणाला, उद्या येऊन जा, तुमच्या कार्डांचं उत्तर द्यायचंय."

"म्हणून गेलात."

"बांधलेल्या चार पुस्तकांचं निमित्त केलं. ही सुरी माझ्या पिशवीत नेहमीच असते. त्या दिवशी पहिल्यांदा ती मला जड लागली. दार नुसतं लोटलेलं होतं. तो खुर्चीत झोपलेला. घोरत होता, घशात काहीतरी अडकल्यासारखा. मी समोर पाच मिनिटं उभी राहिले. झोपलेल्या माणसाला मारून काय करायचं? त्याला कळायला तर हवं. पुस्तकं ठेवली आणि आले."

"डॉक्टरला बोलवावंसं वाटलं नाही?"

बाईंनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "माझ्या पोरीसाठी कुणी बोलावला होता?"

टाचणीनं ती चिठ्ठी पुढे धरली. बाईंनी मजकूर वाचलाच नाही, बोट कडेवरून फिरवलं. "कात्रीनं कापलंय. दोनदा थांबून. कागदाची सवय नसलेला हात."

"तुमच्या मुलीचं काही लिहिलेलं आहे?"

बाईंनी कपाटातून कापडात गुंडाळलेलं पाकीट काढलं. आत निबंध होता, आणि कॉलेजनं दिलेला आदेश. टाचणीनं आधी आदेश मोठ्यानं वाचला.

"'निनावी पत्रातील, पाठ आहे, हात आहेत, पाय आहेत, तुमच्या खुर्चीत फक्त मान नाही, हे वाक्य सदर विद्यार्थिनीच्या निबंधात आढळते. अन्य कोणाच्याही निबंधात ते नाही. सबब...'"

मग निबंध. निळी शाई, डावीकडे समासात पानांचे आकडे.

"'लेखक म्हणतो, खुर्चीत फक्त मन नाही. पान ८८. म्हणून मला वाटतं, न्यायाधीश दुष्ट नाही. तो रिकामा आहे.'"

टाचणी थांबली. तिनं तेच वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी मनात.

"मुलगी कुठलं पुस्तक वाचायची?"

"आमच्याकडे जुनी प्रत आहे, पहिल्या छपाईची. पानं सुटली होती, मीच बांधली. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त छपाई निघाली होती, पण ती म्हणायची, त्यात चुका फार."

"दोन दिवस ती प्रत मला द्याल? आणि शुक्रवारी सकाळी अकराला सरांच्या घरी याल?"

"कशाला?"

"तुमच्या कार्डांचं उत्तर द्यायला."

---

दोन दिवस टाचणी जागची हलली नाही. एका मांडीवर जुनी प्रत, दुसऱ्या मांडीवर स्वस्त छपाईची, समोर सरांची ट्रंक. भाऊजी पॅडं वर्षवार लावून देत होते आणि मधून मधून उसासे टाकत होते.

"त्या बाईनंच केलं असणार," ते म्हणाले. "तिनं कबूलच केलंय जवळपास."

"म्हणूनच तिनं केलं नाही. भाऊजी, सर काय शिकवायचे? पात्र स्वतःबद्दल काय बोलतं, त्यावर जाऊ नका. ते काय करतं, ते बघा. ही बाई बोलते सुरीसारखं, आणि करते काय? पुस्तकं ठेवून परत येते."

"आणि दुसरं कोणी गोड बोलत असेल तर?"

"तर त्याचंही पान शोधायचं," टाचणी म्हणाली, आणि ट्रंकेतलं पुढचं पॅड उघडलं.

---

शुक्रवारी सरांच्या खोलीत पाच खुर्च्या मांडल्या होत्या. सरांची रिकामी ठेवली होती. डॉक्टर खिडकीशी, संपादक दाराशी, बाइंडरबाई पिशवी मांडीवर घेऊन, मुख्याध्यापक घड्याळ बघत. शेवटच्या खुर्चीत एक फौजदार बसले होते. बंद केलेली फाइल पुन्हा उघडायला लागणार, याचा वैताग त्यांच्या तोंडावर होता. भाऊजी बाइंडरबाईंच्या मागे उभे राहिले. टाचणीनं त्यांना तसं बजावलं होतं.

"चिठ्ठीपासून सुरुवात करू," टाचणी म्हणाली. "माणूस शेवटची चिठ्ठी लिहितो ती कुणीतरी वाचावी म्हणून. टेबल मोकळं असताना ती बंद खणात कशाला ठेवेल? ज्यानं ठेवली, त्याला ती लगेच सापडायला नको होती. कारण तो निघाला तेव्हा सर जागे होते."

संपादकानं अस्वस्थ होऊन पाय बदलला.

"बाइंडरबाई आल्या तेव्हा सर झोपलेले. त्यांनी मारलं असतं, तर चिठ्ठी उघड टेबलावर ठेवता आली असती. संपादक आले तेव्हा सर जांभया देत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पान आठवलं नाही. वयामुळे नाही. गोळ्या तेव्हाच पोटात होत्या. म्हणजे अकराच्या आधी."

"पण अकराच्या आधी तर..." संपादक बोलता बोलता थांबला. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या.

मुख्याध्यापक हसले. "मी तर चहासुद्धा घेतला नाही."

"मी आत्ता फक्त गोळ्यांचं बोलले, चहाचं नाव तुम्हीच काढलंत. पण ते सोडा. सर संपादकांना म्हणाले, चहा आत्ताच झाला. त्याआधी घरात तुम्हीच होतात. दोन कप धुतलेले होते. सर कप धूत नसत, आणि पाहुण्यानं कप धुवायचा म्हणजे त्याला कपाची काळजी असते. सरांना चव कळत नाही, हे घरच्या माणसाला माहीत होतं. तुम्ही तर घरचेच."

"हे सगळे तर्क आहेत," मुख्याध्यापक मृदूपणे म्हणाले. "चिठ्ठी सरांच्या अक्षरात आहे. ती मी लिहिली का?"

"नाही. सरांनीच लिहिली, एकोणीस वर्षांपूर्वी." टाचणीनं चिठ्ठी उचलली. "यातली मुलगी विहिरीत जाते. बाईंची मुलगी पुलावरून गेली. विहिरीत कोण जातं? कादंबरीतली मोलकरीण. न्यायाधीश तिला चोर ठरवतो, आणि ती जीव देते. ही चिठ्ठी त्या न्यायाधीशाच्या आवाजात लिहिलेलं नमुना उत्तर आहे. प्रत्येक वाक्याला पुस्तकात आधार आहे. आणि सर आधार कुठं लिहायचे? डावीकडच्या समासात."

"तीन सेंटिमीटर," भाऊजी अभिमानानं म्हणाले.

"समास राहिला असता, तर ही चिठ्ठी नसून धडा आहे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. म्हणून तो कापला. पण सर कार्बन ठेवून लिहायचे. विद्यार्थ्याला वरचा कागद मिळायचा. खालचा त्यानं कधी पाहिलेला नसायचा."

तिनं ट्रंकेतलं जुनं पॅड उघडून फौजदारांपुढे धरलं. तीच पाच वाक्यं, निळसर. समासात आकडे. आणि तळाशी सरांच्या हातची एक ओळ. फौजदारांनी ती वाचली, मान वर केली, आणि मुख्याध्यापकांचं नाव घेतलं.

"प्रथम क्रमांकाचं बक्षीस," टाचणी म्हणाली. "या मजकुराचा वरचा कागद जगात एकाच माणसाकडे होता."

मुख्याध्यापकांच्या कपाळावर घाम आला होता, पण आवाज तसाच होता. "मी सरांना का मारीन?"

"कारण सरांना चूक सापडली होती." टाचणीनं दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडली. "जुन्या प्रतीत, 'खुर्चीत फक्त मन नाही.' स्वस्त छपाईत एक काना जास्त पडला, आणि मनाची मान झाली. वाक्य तरीही वाचता येतं, म्हणून चूक कुणाच्या लक्षात आली नाही. बाईंची मुलगी जुनी प्रत वाचायची. तिच्या निबंधात 'मन' आहे, आणि तिचा सगळा मुद्दा त्या मनावरच उभा आहे. ती तेच वाक्य 'मान' असं कधीच लिहिणार नाही. निनावी पत्रात मात्र 'मान' आहे, आणि त्या दिवशी शाळेत तुम्हीही ते वाक्य 'मान' असंच म्हटलंत."

बाइंडरबाईंचा हात पिशवीच्या तोंडाशी गेला. भाऊजींनी हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"स्वस्त प्रत अर्ध्या वर्गाकडे होती!" मुख्याध्यापकांचा आवाज पहिल्यांदा चढला.

"बरोबर. नुसत्या त्या कान्यावरून मी कुणाला दोषी ठरवणार नाही. सरांनी एका वाक्यावरून ठरवलं, त्याचं काय झालं ते या खोलीत बसलंय. मला दुसरं पान हवं होतं. तेही सरांनीच ठेवलंय."

तिनं डॉक्टरनं दिलेलं पॅड काढलं. "सरांनी प्रस्तावना एकाला वाचायला दिली होती. वरचे कागद गेले. खालचे इथं आहेत. डॉक्टर, तुम्ही वाचा."

डॉक्टरनं पॅड घेतलं. ती वाचू लागली.

"'ज्या पत्रासाठी मी एका मुलीला दोषी ठरवलं, ते तिनं लिहिलेलं नव्हतं. मी मजकूर वाचला, पण काना वाचला नाही. दुसऱ्याला पान मागणाऱ्या माणसानं स्वतः पान नीट पाहिलं नाही. पत्र कोणी लिहिलं, हेही आता मला ठाऊक आहे. परवा मी त्याला फोनवर विचारलं. तो रडला, आणि त्यानं कबूल केलं. मुलगी स्पर्धेतून जावी, म्हणून तिच्याच निबंधातलं वाक्य त्यानं मुद्दाम पत्रात घातलं. निबंध त्यानं तिच्याकडून वाचायला घेतला होता, पण वाक्य मात्र आपल्या पुस्तकातून उतरवलं. त्याचं नाव मी इथं लिहिणार आहे. छापण्याआधी त्याला हे वाचायला देतो. त्यानं स्वतः त्या आईपुढे जाऊन सांगितलं, तर नाव तिच्या इच्छेवर सोडीन. तिची माफी मागायचा मला अधिकार उरलेला नाही. तरी मागतो.'"

डॉक्टर थांबली. "शेवटी 'तो' म्हणजे कोण, तेही लिहिलंय."

फौजदारांनी पॅड मागून घेतलं.

मुख्याध्यापक खुर्चीत खचले होते. "मी अठरा वर्षांचा होतो," ते पुटपुटले. "ती मरेल असं मला वाटलं नव्हतं. आणि आता सगळं... शाळा, मुलं, माझं घर... सरांना मी किती विनवलं. म्हटलं, ती गेली, आता कुणाचं भलं होणार आहे? तर म्हणाले, पान छापलं जाईल."

"म्हणून तू चहा केलास," डॉक्टर म्हणाली. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, अगदी जवळ. "तू अंत्ययात्रेत माझ्या बापाला खांदा दिलास. मला म्हणालास, ताई, रडून घ्या."

त्यांनी मान खाली घातली. डॉक्टरनं त्यांची हनुवटी धरून वर केली, रोज शंभर माणसांची धरत असे तशी. "वर बघ. मला तुझं तोंड बघायचं होतं."

बाइंडरबाई उठल्या. भाऊजी अडवायला पुढे झाले, पण बाईंनी सुरी काढून टेबलावर ठेवली, आणि रिकाम्या हातांनी मुख्याध्यापकांसमोर आल्या.

"माझ्या घरी तू निबंध मागायला आला होतास," त्या म्हणाल्या. "मी तुला जेवून जा म्हटलं होतं."

त्यांनी एकदाच मारलं. आयुष्यभर दाबयंत्र फिरवलेला हात होता. मुख्याध्यापक खुर्चीसकट कोलमडले. फौजदार त्या वेळी खिडकीतून बाहेर बघत होते, आणि बराच वेळ बघत राहिले.

---

खटला सात महिने चालला. बाइंडरबाई प्रत्येक तारखेला पहिल्या बाकावर बसायच्या. आरोपीच्या वकिलानं त्यांना मागे बसवण्याची विनंती केली, ती न्यायालयानं मानली नाही. जन्मठेप झाली.

पुस्तक निघालं. प्रस्तावना जशीच्या तशी छापली, नावासकट. डॉक्टर पहिली प्रत घेऊन तळघरात गेली.

"बाबांना माफ कराल का, असं विचारणार होते," ती म्हणाली. "पण विचारत नाही."

"नकोच विचारू. मी नाही करणार." बाईंनी पुस्तक घेतलं, बाजूला ठेवलं, आणि तिला बसायला स्टूल दिलं. "तू मात्र येत जा."

पुढच्या महिन्यात कॉलेजनं पत्र पाठवलं. सभागृहातल्या गुणवंतांच्या फळ्यावर त्या वर्षापुढे आता मुलीचं नाव लिहिलं जाणार होतं. बाई गेल्या. बरोबर डॉक्टर, टाचणी आणि भाऊजी. समारंभ काही नव्हता. शिडीवर एक रंगारी होता, हातात पातं आणि सोनेरी रंगाची डबी.

त्यानं जुनं नाव खरवडलं आणि लाकूड गुळगुळीत करायला पॉलिश पेपर काढला.

"थांबा," बाई खालून म्हणाल्या. "घासू नका."

"बाई, खाली जुनी अक्षरं दिसत राहतील."

"दिसू देत," बाई म्हणाल्या. "माझ्या पोरीचं नाव वर लिहा. आणि जो कोणी वाचेल, त्याला कळू दे, इथं आधी कोण बसला होता."